घर रिकामे आहे

माझ्या घरात इंटरनेटवर चालणाऱ्या बऱ्याच वस्तू आहेत आणि त्यातली एकही मी मागितली नव्हती. दारावरची कॅमेऱ्याची बेल आणि जमीन झाडणारं गोल यंत्र श्रेयसनं टोरांटोत बसून मागवून दिलं. ओसरीतला दिवा, पंख्याचं बटण आणि तो बोलणारा स्पीकर हिमानीनं पुण्याहून पाठवला. दिवाळी आली की पोरांच्या आधी कुरिअरवाला दारात हजर. खोका फोडायचा, फोटो पाठवायचा, 'छान आहे रे' म्हणायचं आणि मग एकटीनं त्या रिकाम्या खोक्याकडे पाहत बसायचं. अरे, मले खोके नको होते बे, तुम्ही पाहिजे होते!

मी स्नेहलता. बीबी गावच्या शाळेत जन्मभर मराठी शिकवलं, निवृत्त झाल्यावर खामगावच्या घरी आले. शाळेत शुद्ध बोलायची सवय लागली, पण राग आला की माझी वऱ्हाडी बाहेर येते, आणि राग मला येतोच. हे, म्हणजे नीळकंठराव, तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात गेले. श्रेयस मोठा, हिमानी धाकटी. हे गेले तेव्हापासून ही दोन लेकरं एकमेकांशी बोलत नाहीत.

झालं असं, की हे गेले त्या सकाळी श्रेयसचा फोन आला. 'मी निघालो, उद्या संध्याकाळपर्यंत पोचतो, तोवर थांबा, मला बाबांचं तोंड पाहायचंय.' मी तेव्हा भानावर नव्हते, मला कोणी काही विचारलंही नाही. दुपारपर्यंत सगळे थांबायचंच म्हणत होते. मग हिमानी एकाएकी उठली आणि म्हणाली, 'थांबायचं नाही.' अग्नीही तिनंच दिला. श्रेयस दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला तेव्हा ह्यांच्या पलंगावरची गादीसुद्धा उचलून झाली होती. पोरगं बॅग खाली न ठेवता दारातच उभं राहिलं आणि तिला म्हणालं, 'तुले एक दिवस थांबता आलं नाही?' ती आत निघून गेली.

त्या दिवसापासून ती त्याला 'तुझा मुलगा' म्हणते आणि तो तिला 'ती' म्हणतो.

मधे मी. 'आई, तिला सांग, बाबांच्या पेन्शनचे कागद पाठव म्हणावं.' 'आई, तुझ्या मुलाला सांग, कधीच पाठवले.' राखीपौर्णिमेला ती त्याला राखी पाठवायची नाही आणि तो ओवाळणी विचारायचा नाही, पण दोघंही त्या दिवशी मला फोन करून उगाचच हवापाण्याचं बोलत बसायचे. माझा जीव तुटायचा. देवापुढे बसले की माझं एकच मागणं असायचं, की मी आहे तोवर या दोघांनी एकमेकांना फोन करावा. भांडायला का होईना! मी गेल्यावर यांचं तिसरं कोण आहे?

आता माझे गुडघे गेलेत. संध्याकाळी बेल वाजली की श्रेयसच्या ॲपमध्ये माणूस दिसतो, पण अंधारात तोंड ओळखू येत नाही. दिवा लावावा तर तो हिमानीच्या ॲपमध्ये. एवढं हुडकेपर्यंत दारातला माणूस निघून गेलेला असतो. एक दिवस मी वैतागून हिमानीला म्हटलं, "बेल वाजली की दिवा आपोआप लागला पाहिजे. एवढं साधं काऊन होत नाही तुमच्या यंत्रांकडून?"

"आई, बेल एका कंपनीची आहे, दिवा दुसऱ्या कंपनीचा. त्यांची ओळखच नाही."

"मग करून दे ओळख."

"त्याला हब लागतो. एक छोटी डबी असते. सगळ्या कंपन्यांच्या वस्तू तिला जोडायच्या, मग त्या एकमेकींचं ऐकतात. पण बेल त्याच्या खात्यावर आहे. जोडायची तर त्याच्या फोनवर आकडे येतील, ते मला लगेच टाकावे लागतील."

माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. मी म्हटलं, "मग आणच तू ती डबी. येताना घेऊनच ये."

हिमानी डिसेंबरात आली. इकडे कापसाचा हंगाम, जिनिंगच्या गिरण्यांमधून उडणारी रुई घराघरांत शिरते, कितीही झाडा, पुसा. ती आली, जेवली आणि पांढरी डबी काढून टेबलावर ठेवली. तिच्या स्वतःच्या वस्तू पटापट जोडल्या गेल्या. मग ती माझ्याकडे बघायला लागली.

"लाव तुझ्या मुलाला फोन. आकडे विचार."

मी लावला. त्याला आकडे आले, त्यानं मला सांगितले, मी तिला सांगितले. पण इतक्या सावकाश सांगितले, की ती आकडे टाकेस्तोवर मुदत संपली. परत आकडे. परत मुदत संपली. मी मधेच चष्मा पुसायला घेतला.

"आई, तू मुद्दाम करून राह्यली का?" हिमानी भडकली.

"मले बाई पटपट ऐकू येत नाही," मी म्हटलं आणि फोन स्पीकरवर टाकून सरळ तिच्यापुढे धरला. "घ्या. तुमचं तुम्ही पाहा."

मग तिकडून आवाज आला, "सात. तीन. शून्य."

"पुढे?"

"आठ. आठ. एक."

"झालं."

"बरं."

तीन वर्षांनंतरचं माझ्या लेकरांचं एवढं बोलणं. मी स्वयंपाकघरात जाऊन पदराआड रडून घेतलं. आनंद झाला असं म्हणावं, तर तेवढाही नव्हता. लहानपणी ही दोघं एका ताटात जेवायची आणि पापडाच्या तुकड्यावरून घर डोक्यावर घ्यायची. आता 'पुढे' आणि 'बरं'!

पण डबीनं काम मात्र चोख केलं. बेल वाजली की दिवा लागायला लागला. मी शेजारच्या आशाबाईला मुद्दाम बाहेर पाठवून बेल वाजवायला लावली, तर दिवा भपकन पेटला आणि ती दचकून तुळशीपर्यंत मागे सरकली. मग पुढले दोन दिवस हिमानी इथून आणि श्रेयस तिकडून त्या डबीला काय काय शिकवत होते. अर्थात माझ्यामार्फत. "तिला सांग, रात्री पंखा कमी होईल असं मी करून ठेवलंय." "तुझ्या मुलाला सांग, दिसलं मला." ती पांढरी डबी शांतपणे सगळ्यांचं इकडचं तिकडे करत बसली होती, आणि मला तिची दया आली. तीन वर्षं मी दुसरं काय केलं होतं?

हिमानी जायची संध्याकाळ आली. पुण्याची ट्रॅव्हल्स स्टँडापासून सुटते. गल्लीतल्या शेखरचा ऑटो दारात लागला. मी तिच्या हातावर दही घातलं, कुंकू लावलं. ती पाया पडली तेव्हा तिच्या भांगात एक पांढरा केस दिसला. मला तिला 'आणखी एक दिवस राहा' म्हणायचं होतं. दरवेळी म्हणायचं असतं आणि दरवेळी मी 'पाण्याची बाटली घेतली का' असं विचारते. आताही तेच विचारलं.

"घेतली. येते आई," ती म्हणाली.

ऑटो कोपऱ्यावरून वळला. मी फाटकाशी उभीच होते. तेवढ्यात मागे, घरात, खट्ट झालं. ओसरीतला दिवा विझला. पंखा बंद पडला. आणि स्पीकरमधली बाई तिच्या त्या छापील मराठीत म्हणाली, "घर रिकामे आहे. साफसफाई सुरू करत आहे."

"अगं रिकामं कसं? मी आहे ना!" मी बाहेरून ओरडले.

ती कुठली ऐकायला! झाडायचं यंत्र आपल्या जागेवरून घरघरत निघालं आणि सरळ दाराकडे आलं. जिथं आत्ताच हिमानीनं चपला घातल्या होत्या, तिच्या पायांची माती पडली होती, नेमकं तिथंच ते गोल गोल फिरायला लागलं.

आमच्याकडे गावाला गेलेल्या माणसाच्या मागे केर काढत नाहीत. पोचल्याचा फोन येईपर्यंत झाडूला हात लावत नाहीत. माणसाच्या पाठोपाठ घर झाडतात ते फक्त एकदाच, तो परत यायचा नसतो तेव्हा. ह्यांना नेलं तेव्हा माझ्या जावेनं हाच उंबरठा झाडला होता आणि त्या खराट्याचा आवाज मी अजून विसरले नाही.

"थांब! थांब मेल्या!" मी दुखऱ्या गुडघ्यांनी धावले. पाट आडवा टाकला, तर ते पाटाला वळसा घालून गेलं. शेवटी दोन्ही हातांनी उचलून पालथं घातलं, तरी त्याची चाकं फिरतच होती. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. उंबरठा लख्ख झाला होता.

मी श्रेयसला व्हिडिओ फोन लावला. तिकडे सकाळ. दाढीचा फेस अर्धा तोंडावर.

"श्रेयू, तुझ्या त्या यंत्रानं हिमीच्या मागे घर झाडलं! ती आत्ता निघाली रे, अजून स्टँडावरसुद्धा पोचली नसेल!"

"काय? असं कसं... थांब." त्यानं दुसऱ्या हातानं काहीतरी पाहिलं. "घर रिकामं झालं की झाडायचं, असं मीच टाकलं होतं. पण तू घरात आहेस ना? डबीला घरात कोण आहे ते फोनवरून कळतं. तुझा फोन..." तो थांबला. "आई, तुझा फोन यात नाहीच. फक्त माझा आणि तिचा आहे."

"माझा नाही?"

"मला वाटलं तिनं टाकला असेल."

"आणि तिला वाटलं असेल तू टाकला. एकमेकांना विचारायचं नाही ना! माझ्या घरात मी राहते एवढं तुमच्या डबीला माहीत नाही, कारण तुम्हा दोघांचं तोंड शिवलेलं!" मला रडूच फुटलं. "हिमी गेली की हे घर रिकामं, असंच ना? खोटं काय त्यात!"

"आई, असं नको ना बोलू."

"मग काय बोलू? पोरीच्या मागे झाडलं रे. रात्रभराचा रस्ता आहे तिचा."

मला वाटलं आता तो म्हणेल, आई, हे सगळं काही नसतं. इंजिनियर माणूस. पण त्याचा चेहरा उतरला होता, फेस तसाच वाळत होता.

"तिला फोन कर," तो हळूच म्हणाला. "म्हणावं परत ये. घरात पाऊल टाक, पाणी पी, आणि मग परत नीघ. आजी असंच करायला लावायची ना? आणि सांग, श्रेयसनं मुद्दाम नाही केलं."

"मी नाही सांगणार."

"आई!"

"नाही म्हणजे नाही. तीन वर्षं तुमचे निरोप वाहिले. आता माझ्याच्यानं होत नाही. यंत्र तुझं, झाडलं तू. तूच सांग तिले."

मी फोन कापला. असं काही करायचं मी ठरवलं नव्हतं, खरंच नव्हतं. फोन कापल्यावर माझी मलाच भीती वाटली. त्यानं केलाच नाही तर? मी स्वतः हिमानीला लावावा का? मी फोनमध्ये तिचं नाव काढलं, बोट त्याच्यावर धरलं आणि दाबलं नाही. अंधाऱ्या ओसरीत खुर्चीवर बसून राहिले. पोरीची काळजी एकीकडे आणि ही हाव दुसरीकडे. देवा, त्याले फोन करू दे, एवढंच म्हणत होते.

फाटकाशी ऑटो थांबला. दिवा आपोआप लागला, पंखा फिरायला लागला. हिमानी आत आली. एका हातात चपला, दुसऱ्या हातात फोन. ऑटोच्या खडखडाटात ऐकू यावं म्हणून तो स्पीकरवरच होता.

"आली बघ घरात. झालं समाधान?" ती फोनला म्हणत होती.

"बस पाच मिनिटं. पाणी पी," फोनमधून श्रेयस म्हणाला.

"तू कधीपासून हे मानाले लागला?"

"मी नाही मानत."

"मग मले अर्ध्या रस्त्यातून काऊन फिरवलं?"

मी पाण्याचा तांब्या घेऊन दारातच उभी.

"मले वाटलं," तो म्हणाला, "तुले रस्त्यात काही झालं, तर माझं तुझ्याशी शेवटचं बोलणं म्हणजे ते आकडे. सात, तीन, शून्य."

हिमानी मटकन उंबरठ्याच्या आत, जमिनीवरच बसली. मी तांब्या पुढे केला, तो तिनं घेतला, पण प्यायली नाही.

"तीन वर्षं तू एक फोन नाही केला, दादा."

दादा! मी भिंतीला टेकले.

"तू तरी केला का? आणि मी काय म्हणून करू? एक दिवस मागितला होता मी. फक्त एक दिवस. विमानात पूर्ण वेळ मी बाबांशी काय बोलायचं तेच ठरवत होतो. आलो तर अंगण धुतलेलं. तू माझ्यासाठी एवढंही नाही केलं, हिमे."

"तुझ्यासाठीच केलं!" ती एवढ्या जोरात ओरडली की बाहेर शेखर ऑटोतून डोकावला. "बाबांसाठी शीतपेटी आणली होती. दुपारी लाइट गेली. इन्व्हर्टरवर पेटी चालेना. जनरेटरसाठी मी गावभर फोन केले, कुठं मिळाला नाही. मे महिना होता, दादा. मी एकटी आत बसली होती बाबांजवळ. त्यांचा चेहरा..." तिचा आवाज फुटला. "तो चेहरा तू पाहू नाही, एवढंच मले वाटलं. तुझ्याजवळ त्यांचा, तुले शेवटचं सोडायला आले तेव्हाचा, शेगाव स्टेशनवर हात हलवतानाचा चेहरा होता. तोच राहावा. म्हणून म्हटलं, थांबायचं नाही."

मला हे माहीत नव्हतं. मी पलीकडच्या खोलीत बायकांत बसले होते, माझ्या घरात हे झालं आणि मला पत्ता नाही. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"आहेस का?" हिमानीनं फोनला विचारलं.

"आहे." त्याचा आवाज ओळखू येत नव्हता. "मग त्याच दिवशी सांगायचं ना मले."

"काय सांगू? सांगितलं असतं तर तू तेच डोळ्यापुढे आणलं असतं. मग मी कशाला केलं ते सगळं?"

"आणि तू? तुझ्या डोळ्यापुढे काय आहे मग?"

"तेच," ती म्हणाली. "रोज."

श्रेयस रडायला लागला. मोठं माणूस, चाळिशीला आलेलं, हुंदके देऊन. मी देवाजवळ भांडण मागितलं होतं, हे मागितलं नव्हतं. माझं एक लेकरू माझ्या पायाशी बसलं होतं, त्याला जवळ घेता येत होतं. दुसरं तिकडे, एकटं, सकाळच्या थंडीत, आणि माझा हात तिथपर्यंत जात नव्हता. फोनवर हात फिरवून काय होतं? तरी मी फिरवला.

"हिमे," तो म्हणाला, "बाबा कसे दिसत होते ते मले सांग. सगळं सांग. तू एकटीनं नको पाहू आता."

तेवढ्यात तिच्या फोनवर दुसरा फोन वाजायला लागला. ट्रॅव्हल्सवाल्याचा. बाहेर शेखरनं हॉर्न दिला, "ताई, गाडी सुटून राह्यली!"

हिमानीनं स्क्रीनकडे पाहिलं आणि ट्रॅव्हल्सवाल्याचा फोन कापला.

"हाव दादा," ती म्हणाली, "सांगते."